थॉनी: जुना लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि पायथनचे पहिले सहा महिने

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसलेल्या पोराचा पहिला आठवडा पाथ (पायथन कुठे आहे ते विंडोजला सांगणारी नोंद), पिप (पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, उतरवणारं साधन), इंटरप्रिटर (प्रोग्राम चालवणारं पायथन) आणि एक्स्टेन्शन (एडिटरला लावायची जोड) यांच्यातच निघून जातो. पुसद घ्या, दर्यापूर घ्या, मेहकर नाहीतर अर्जुनी मोरगाव घ्या. बीसीए-बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या ग्रुपवर फोटो तोच असतो. काळ्या खिडकीत 'पायथन इज नॉट रेकग्नाइज्ड' आणि खाली प्रश्न, 'सर, हे काहून होत नाही?' त्या पोराने अजून प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नसते.

थॉनी हे एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, नेमकं एवढ्याचसाठी हाती घ्यावं. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ते नवशिक्यांसाठी तयार झालं, फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि पायथन पोटात घेऊनच येतं. वेगळं पायथन टाकायचं नाही, पाथची खूण करायची नाही, एक्स्टेन्शन शोधायचं नाही. पहिल्या सहा महिन्यांसाठी यापेक्षा सोयीचं काही नाही आणि त्यानंतर ते सोडून द्यावं, असं आमचं स्पष्ट मत. मधल्या काळात ते कुठे साथ देतं आणि कुठे अडतं, ते बघू.

आधी डाउनलोड, कारण आपल्याकडे तिथूनच सुरुवात होते. थॉनी डॉट ऑर्ग या साइटवर वरच्या कोपऱ्यात विंडोजचा दुवा आहे. ४.१ मालिकेची ६४ बिटची फाइल साधारण २० ते २५ एमबीची असते. व्हीएस कोड हा मोठा एडिटर शंभरेक एमबी, त्यावर पायथन वेगळं, त्यावर एक्स्टेन्शन. अ‍ॅनाकोंडा हा पायथन आणि पॅकेजेसचा गठ्ठा तर सुमारे एक जीबी. रोजच्या दीड जीबी डेटावर चालणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. अजून एक गोष्ट: लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला की विंडोज अपडेट गुपचूप डेटा ओढतं आणि दुपारीच पॅक संपतो. म्हणून जोडणी झाल्याबरोबर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. हे एकदा केलं की त्या हॉटस्पॉटसाठी कायम राहतं.

फाइल कोणती घ्यायची यात बरेच जण चुकतात. विंडोज १० किंवा ११ आणि ६४ बिट असेल तर पायथन ३.१० असलेली नेहमीची फाइल. सेकंडहँड लॅपटॉपवर अजून विंडोज ७ असेल किंवा मशीन ३२ बिटचं असेल, तर पायथन ३.८ असलेली वेगळी फाइल तिथेच खाली आहे. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८ च, ३.९ पासून पुढचं त्यावर चढतच नाही. कोणतं मशीन आहे हे बघायला विंडोजचं बटण आणि पॉज एकत्र दाबा, 'सिस्टम टाइप' समोर लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या कीबोर्डवर पॉज नसेल तर 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज.

जमत असेल तर ३.१० चीच फाइल घ्या, कारण दोन्हींच्या चुका सांगण्याच्या पद्धतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंस बंद करायचा राहिला तर ३.८ पुढच्या ओळीकडे बोट दाखवून 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' म्हणतं, आणि पोरगं तासभर त्या निर्दोष ओळीकडे बघत बसतं. ३.१० सरळ सांगतं की अमुक ओळीतला कंस बंदच झालेला नाही. 'इफ'च्या ओळीशेवटी कोलन विसरला तर 'एक्स्पेक्टेड कोलन' असं लिहून येतं. मोबाइलची सवय असलेली बोटं प्रिंटचा पहिला पी मोठा करतात, तेव्हा ३.१० विचारतं, 'डिड यू मीन प्रिंट?' नवशिक्याला हे शिक्षकाइतकंच उपयोगी.

इन्स्टॉल करताना दोन ठिकाणी माणूस थबकतो. विंडोजचा निळा पडदा येऊन 'प्रोटेक्टेड युअर पीसी' म्हणू शकतो. फाइल मूळ साइटवरूनच घेतली असेल तर 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे'. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली, नाव बदललेली फाइल असेल तर मात्र तिथेच थांबा. दुसरं, 'इन्स्टॉल फॉर मी ओन्ली' हाच पर्याय निवडा. त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही, म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये लॅब असिस्टंटची वाट बघत बसावं लागत नाही. लॅबमध्ये तेवढंही चालत नसेल तर पोर्टेबल झिप आहे. पेनड्राइव्हवर उघडून ठेवा, आतलं थॉनी चालवा. पेनड्राइव्ह जुना असेल तर उघडायला वेळ खातं, पण चालतं.

पहिल्यांदा उघडल्यावर वर लिहायची जागा आणि खाली शेल, म्हणजे उत्तरं आणि चुका दाखवणारी खिडकी, दिसतं. उजवीकडे 'व्हेरिएबल्स' (प्रोग्रामने नाव देऊन ठेवलेल्या किमती) नसेल तर व्ह्यू मेनूतून चालू करून घ्या. थॉनीची खरी कमाई तिथेच आहे. कापसाच्या पट्टीचा प्रोग्राम घेऊ: वजन क्विंटलमध्ये विचारायचं, ७५०० च्या दराने रक्कम काढायची. नवशिक्या इनपुटने वजन घेतो, १२ टाइप करतो आणि गुणाकार करतो. नव्वद हजारांच्या जागी बारा-बारा-बारा अशी साडेसात हजार वेळा लांबलचक माळ येते. इनपुटने आलेली प्रत्येक गोष्ट पायथनसाठी मजकूर असते, आणि मजकुराला आकड्याने गुणलं की तो तितक्या वेळा पुन्हा लिहिला जातो. हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही. व्हेरिएबल्सच्या खिडकीत मात्र वजनासमोर १२ अवतरणचिन्हांत दिसतं, दरासमोरचे ७५०० अवतरणाशिवाय. दोन्ही शेजारी दिसले की समजावून सांगायची गरज उरत नाही.

उपाय म्हणून सगळे मजकुराचा पूर्णांक करणारं 'इंट' लावतात आणि पुढच्याच गाडीला अडतात, कारण काट्यावर वजन १२.४० येतं. 'इंट' दशांश असलेला मजकूर घेत नाही, 'व्हॅल्यूएरर' देतं. इथे दशांश घेणारं 'फ्लोट' लागतं. आणि बाजार समितीच्या पट्टीवर असतं तसं ७,५०० स्वल्पविरामासकट टाकलं तर फ्लोटही हात वर करतं. रिप्लेस वापरून स्वल्पविराम आधी काढून टाकायचा. गंमत म्हणजे इनपुटमध्ये देवनागरीत १२ टाइप केलं तर 'इंट' आणि 'फ्लोट' दोघंही ते बिनतक्रार वाचतात. प्रोग्रामच्या ओळीत थेट देवनागरी आकडा लिहिला तर मात्र चालत नाही. व्हेरिएबलचं नाव 'भाव' किंवा 'वजन' असं देवनागरीत ठेवता येतं, पण काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं जोडचिन्ह घुसवतात आणि मग 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर' अशी तक्रार येते. नावं रोमनमध्ये आणि समोरच्या माणसाला दिसणारा मजकूर मराठीत, ही वाटणी सोपी जाते.

आता डीबगर, म्हणजे प्रोग्राम थांबत-थांबत चालवून चूक शोधायची सोय. एफ ५ ने प्रोग्राम चालतो, कंट्रोल आणि एफ ५ ने तो पायरीपायरीने चालतो. एफ ६ दाबला की एक पायरी पुढे, एफ ७ दाबला की त्या पायरीच्या आत. एफ ७ ने थॉनी एकाच ओळीचे तुकडे करून दाखवतं: आधी कंसातला हिशेब, त्याच्या जागी आलेलं उत्तर, मग बाहेरचा हिशेब. फंक्शनमध्ये शिरलं की त्याची वेगळी खिडकी उघडते, तिच्यात फक्त त्या फंक्शनची व्हेरिएबल्स. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) शिकवताना फॅक्टोरियल ५ असं चालवून दाखवा, एकावर एक खिडक्या उघडतात आणि उलट क्रमाने मिटतात. फळ्यावर हे दाखवायला अर्धा तास लागतो. एकच सावधगिरी, हजार फेऱ्यांच्या लूपवर हा डीबगर लावू नका, फार मंद आहे. आधी फेऱ्या ३ करा, मग बघा. लूप थांबतच नसेल तर लाल थांबा बटण किंवा कंट्रोल एफ २.

वीज जाण्याचा विचार करता एक सवय कामाची: फाइलला सुरुवातीलाच नाव द्या. नाव दिलेल्या फाइलवर एफ ५ दाबलं की चालवण्याआधी ती जतन होते. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर दर पाच ओळींना एफ ५ दाबणारा माणूस भारनियमनात फारसं गमावत नाही.

नाव कोणतं द्यायचं, यातही एक खड्डा आहे. रँडम मॉड्यूल शिकताना पोरं फाइललाच रँडम नाव देतात, टर्टल शिकताना टर्टल. मग 'इम्पोर्ट रँडम' म्हटल्यावर पायथन स्वतःची लायब्ररी सोडून शेजारची हीच फाइल उचलतं आणि 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' असली अगम्य ओळ येते. फाइलचं नाव बदला, बाजूला तयार झालेलं पायकॅश फोल्डरही पुसा. नोटपॅडमध्ये लिहिलेली फाइल असेल तर एक्स्प्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून बघा; बहुतेक वेळा ती डॉट पीवायच्या मागे डॉट टीएक्सटी लपवून बसलेली असते.

ग्रुपवर किंवा पीडीएफमध्ये आलेला कोड चिकटवला की वेगळीच पंचाईत. तिथली अवतरणचिन्हं वाकडी, छापील वळणाची असतात. पायथनला सरळ लागतात. यू प्लस २०१सी असा आकडा असलेली तक्रार दिसली की समजा, अवतरणं हाताने पुन्हा टाइप करायची. त्यातच ओळींच्या सुरुवातीच्या जागाही उडालेल्या असतात. थॉनीत टॅब दाबला की चार स्पेस पडतात, पण चिकटवलेल्या ओळीत खरा टॅब असेल तर दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये येऊन 'टॅबएरर' होतो. ओळीच्या सुरुवातीपासून पहिल्या अक्षरापर्यंत सगळं पुसून टॅबने पुन्हा सरकवा. अवतरण बंद करायचं राहिलं तर थॉनी ती ओळ हिरव्या पार्श्वभूमीवर दाखवतं आणि उघडा राहिलेला कंस करड्या. प्रोग्राम चालवायच्या आधीच हे दिसतं. रंग कुठून सुरू झाला तिथे बघायचं, संपला तिथे नाही.

पॅकेजच्या बाबतीत थॉनीची सोय चांगली आहे, पण घोळही सगळ्यात जास्त इथेच होतो. टूल्समधल्या 'मॅनेज पॅकेजेस'मध्ये पांडास (तक्त्यांचं काम करणारं पॅकेज) लिहा, शोधा, इन्स्टॉल दाबा, झालं. पांडासबरोबर नमपायही येतं, दोन्ही मिळून २०-३० एमबी धरून चाला. घोळ असा होतो की व्हिडिओ बघून कुणी कमांड प्रॉम्प्ट उघडून पिपने पांडास टाकतं. ते जातं दुसऱ्याच पायथनमध्ये, आणि थॉनीत 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' कायम. पिप तर 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' म्हणालेलं असतं, त्यामुळे माणूस पार गोंधळतो. काळी खिडकीच वापरायची असेल तर टूल्समधलं 'ओपन सिस्टम शेल' घ्या. ती थॉनीच्याच पायथनला बांधलेली असते. विंडोज १० वर पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडत असेल, तर सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप एक्झिक्युशन एलियासेस' शोधून पायथनच्या दोन्ही कळा बंद करा.

गावी नेट नसेल तर पॅकेज पेनड्राइव्हवर नेता येतं, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. नेट असलेल्या मशीनवर थॉनीची तीच आवृत्ती टाका, तिच्या सिस्टम शेलमध्ये 'पिप डाउनलोड पांडास' चालवा. पांडास आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली त्या फोल्डरमध्ये उतरतात. त्या उचलून घरच्या मशीनवर न्या आणि तिथल्या सिस्टम शेलमधून पिप इन्स्टॉलला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे दोन पर्याय देऊन ते फोल्डर दाखवा. पायथनची आवृत्ती आणि बिट दोन्हीकडे सारखे हवेत. इकडे ६४ आणि तिकडे ३२ असेल तर एकही फाइल बसणार नाही. ३२ बिटच्या जुन्या मशीनवर काही पॅकेजच्या तयार फाइलीच मिळत नाहीत. मग पिप ते स्वतः बांधायला जातं आणि व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ मागतं. ते काही जीबींचं प्रकरण आहे. त्या नादी न लागता पॅकेजची जुनी आवृत्ती शोधावी किंवा तो प्रयोग लॅबमध्ये करावा.

फाइली वाचताना दोन चुका ठरलेल्या. सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता उलट्या तिरक्या रेघांनी लिहिला की 'युनिकोडएस्केप'ची तक्रार येते, कारण उलटी रेघ आणि यू यांचा पायथनमध्ये वेगळा अर्थ आहे. अवतरणाआधी छोटा आर लिहा किंवा रेघा सुलट करा. दुसरी चूक मराठी मजकुराची. गावांची नावं देवनागरीत असलेली सीएसव्ही उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं नाही तर विंडोज आपल्या जुन्या संकेतावर जातं. 'चारमॅप'ची चूक येते किंवा नावांचा चिवडा होतो. एक्सेलमध्ये उघडायची फाइल लिहायची असेल तर यूटीएफ-८-सिग वापरा.

थॉनी घेण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे मायक्रोपायथन, छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर चालणारं पायथन. ईएसपी३२ किंवा पिको असा बोर्ड घेऊन मातीतला ओलावा मोजण्याचा प्रकल्प आता बऱ्याच कॉलेजांत होतो. टूल्स, ऑप्शन्स, इंटरप्रिटर, तिथे ईएसपी३२ निवडा. खालच्या कोपऱ्यातल्या दुव्यावरून बोर्डात मायक्रोपायथन भरता येतं. पोर्टच दिसत नसेल तर तीनदा केबल बदलून बघा, गमतीने नाही सांगत. कित्येक स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. केबल ठीक असेल तर बोर्डावरची छोटी चिप बघून सीएच३४० किंवा सीपी२१०२ चा ड्रायव्हर टाका. भरताना अडकलं तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा. आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर उघडा असेल तर पोर्ट त्याने अडवलेला असतो, तो बंद करा. पिकोला बूटसेल दाबून केबल लावली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो.

वायफाय चालू असताना ईएसपी३२ चा दुसरा एडीसी (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) वाचत नाही, म्हणून सेन्सर ३२ ते ३९ यांपैकी पायावर (पिनवर) लावा. या पायांना ३.३ व्होल्टच्या वर द्यायचं नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर बोर्डाला तो दिसतच नाही, २.४ वर आणा. आणि प्रोग्राम बरोबर असूनही आकडे उड्या मारत असतील तर जमीन बघा: आपली काळी माती वाळली की भेगाळते, सेन्सरभोवती पोकळी होते आणि तो हवेचा ओलावा सांगायला लागतो. दोन उघड्या दातांचे स्वस्त सेन्सर ओल्या मातीत गंजतात. कपॅसिटिव्ह प्रकार थोडा महाग पण टिकतो.

उणिवा आता. असिस्टंट नावाची खिडकी चुका समजावते, पण इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला तिचा उपयोग अर्धाच. लिहिताना पुढचं सुचवण्याची सोय व्हीएस कोडच्या तुलनेत साधी आहे. वेबसाइट, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), दहा-बारा फाइलींचा प्रकल्प, यांसाठी ते बनलेलंच नाही. सी आणि सी प्लस प्लस तर मुळीच नाही. त्यासाठी कोडब्लॉक्स घ्या, तेही नावात मिंगडब्ल्यू असलेली मोठी फाइल. छोटी फाइल घेतली की कंपायलर सापडत नाही म्हणून रडत बसायची पाळी येते. टर्बो सीमधले 'व्हॉइड मेन' आणि 'कॉनिओ'चे प्रोग्राम तिथे बदलावे लागतील, ते बदलावेतच.

लॅपटॉपच नसेल तर मोबाइलवर पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप नेटशिवाय चालतं. लूप आणि लिस्टपर्यंत ठीक.

मदत मागतानाची एक गोष्ट, कारण तिच्यावाचून वर लिहिलेलं निम्मं वाया जातं. स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नका, त्यात नेमकी शेवटची ओळ कापलेली असते. पायथनची तक्रार खालून वर वाचायची: सगळ्यात खाली चुकीचं नाव आणि कारण, त्याच्या वर ओळीचा क्रमांक. शेलमधून तेवढा मजकूर निवडून कॉपी करा, सोबत ती ओळ, तिच्या आधीच्या दोन ओळी आणि थॉनी ३.८ चं की ३.१० चं, एवढं पाठवा. उत्तर देणारा बसस्टँडवर उभा असला तरी सांगू शकेल.

सहा महिन्यांनी व्हीएस कोडवर जाताना पायथन लगेच पुन्हा उतरवायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून 'सिलेक्ट इंटरप्रिटर' घ्या, 'एंटर इंटरप्रिटर पाथ' निवडा आणि तुमच्या युजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, लोकल, प्रोग्राम्स, थॉनी या वाटेने जाऊन आतली पायथनची एक्झी दाखवा. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा. टाकलेली सगळी पॅकेजेस तिकडे जशीच्या तशी मिळतात.